अष्टमांश काढा आणि चार चिंबोऱ्या

शनिवारी सकाळी साडेसहाला मिताली पुण्याच्या बसमध्ये बसली आणि पावणेसातला सत्यजीतने ठरवलं, की रमाचा खोकला-ताप आपण घरच्या घरी, आयुर्वेदाने, दोन दिवसांत घालवायचा. ठरवलं म्हणजे अगदी पक्कं! ठरवण्याच्या बाबतीत हा गडी कधीच मागे नसतो. (मागच्या जानेवारीत त्याने रोज पहाटे पाच किलोमीटर धावायचं ठरवलं होतं. बूट अजून नवेकोरे आहेत.)

खरं म्हणजे ठरवण्यासारखं त्यात काही नव्हतंच. सात वर्षांची पोर, दुसरीत जाते, शुक्रवारी शाळेतून खोकत आली आणि संध्याकाळी अंग कोमट लागलं. बिल्डिंगच्याच खालच्या गाळ्यात दवाखाना आहे. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, घशात बॅटरी मारली आणि सांगितलं, "व्हायरल आहे. ताप दोन-तीन दिवसांत जाईल, खोकला आठवडाभर रेंगाळेल. भरपूर पाणी पाजा, झोपू द्या. ताप चढला तर हे सिरप." झालं! एखाद्या सरळ माणसाने पाणी पाजलं असतं आणि झोपू दिलं असतं.

पण सत्यजीतकडे आठवडा नव्हता. त्याच्याकडे रविवारी संध्याकाळी सहापर्यंतचा वेळ होता.

त्याचं असं झालं, की मितालीला तिच्या विमा कंपनीने सहा महिने पुण्याच्या ऑफिसात टीम सांभाळायला बोलावलं होतं. याआधी दोनदा अशी संधी आली होती आणि दोन्ही वेळा तिने 'मुलगी लहान आहे' म्हणून नाही सांगितलं होतं. दोन्ही वेळा नंतर आठवडाभर ती ओट्यापाशी गप्प गप्प उभी राहायची. सत्यजीतला ते फार लागलं होतं. बायको हुशार आहे, आपल्यापेक्षा हुशार आहे, हे त्याला लग्नाच्या तिसऱ्या दिवसापासून ठाऊक होतं. म्हणून या वेळी तोच छाती पुढे काढून म्हणाला, "तू जा गं! मी आहे ना."

मिताली म्हणाली, "शनिवार-रविवार मीटिंगला जाऊन येते. हे दोन दिवस तू नीट निभावलेस, तर रविवारी संध्याकाळी सरांना हो म्हणून कळवते."

"आणि नाही निभावले तर?"

"तर नाही म्हणते. नाहीतर मग भावनाताईंना बोलवून घेऊ."

भावनाताई म्हणजे सत्यजीतची कराडची थोरली बहीण. बाई प्रेमळ, हाताला चव, पण ती घरात आली की बेचाळीस वर्षांचा सत्यजीत थेट आठवीत जातो. जेवायच्या आधी हात दाखवावे लागतात. सहा महिने! त्याच्या अंगावर काटा आला. म्हणजे आता सगळं रमाच्या घशावर येऊन ठेपलं होतं. मिताली दारात येईल तेव्हा पोरीला ताप नको आणि खोकला तर नकोच नको.

सत्यजीत तळोज्याच्या एमआयडीसीत, एका मसाल्याच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे. चौदा वर्षं तो एकच काम करतो. प्रत्येक बॅचमधून तीन सँपल काढायचे, वरचा, मधला आणि तळाचा. तिन्ही चाखायचे. तिन्ही पास झाले तरच माल बाहेर. त्याच्या हातून आजवर एकही खराब बॅच बाहेर गेलेली नाही, हे तो पहिल्या भेटीतच कोणालाही सांगतो. (दुसऱ्या भेटीतही सांगतो.)

तर त्याने पहिला फोन केला तळमजल्यावरच्या कमलाकरकाकांना. काका रिटायर झाल्यापासून आयुर्वेदात शिरले आहेत आणि नेऱ्याला त्यांचा छोटा प्लॉट आहे, तिथे अडुळसा, गवती चहा, तुळस असं सगळं लावलंय. पाचव्या मिनिटाला काका दोन पिशव्या घेऊन हजर! वयाच्या मानाने माणूस फार चपळ, फक्त कोणीतरी आजारी पडायला हवं.

"हा अडुळसा, ही सुंठ, मिरी, पिंपळी, ज्येष्ठमध," काकांनी टेबलावर पसारा मांडला. "आठ वाट्या पाण्यात टाकायचं, मंद आचेवर आटवायचं, एक वाटी उरवायची. अष्टमांश काढा! आणि पोरीला किती? एक चमचा, मधातून. उष्ण असतं हे सगळं, एकच हं!"

"एकच," सत्यजीतने वहीत लिहून घेतलं.

"काही लागलं तर हाक मार."

"लागणार नाही काका. प्रोसेस समजली मला."

इथेच घात झाला. काढा आणि मसाला यांत फरक असतो, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. पहिली बॅच आटवताना तो पातेल्यात स्टीलची पट्टी बुडवून उंची मोजत होता, तेवढ्यात रमाने पाणी मागितलं, तो पाणी द्यायला गेला आणि इकडे अष्टमांशाचा शून्यांश झाला. पातेलं काळं ठिक्कर. दुसरी बॅच आटली बरोबर. मग त्याने तिचे तीन सँपल काढले, वरचा, मधला, तळाचा. आणि चमच्यात अंदाज येत नाही म्हणून प्रत्येकी पाव वाटी.

कारखान्यात सँपल चाखून थुंकायचा असतो. पण घरात औषध थुंकायचं कसं? प्यायला बिचारा.

"तिखट!" डोळ्यांतलं पाणी पुसत तो म्हणाला. "रिजेक्ट."

तिसऱ्या बॅचला मिरी कमी केली तर अडुळशाने उचल खाल्ली आणि जीभ कडू झाली. रिजेक्ट. चौथीला ज्येष्ठमध दुप्पट घातलं. वरचा सँपल पास, मधला पास, तळाच्या सँपलला घशात काडी अडकली. रिजेक्ट! प्रत्येक बॅचचे तीन सँपल पोटात जात होते आणि पोटातून आता काहीतरी वर बोलायला लागलं होतं. पण सत्यजीतने तिकडे लक्ष दिलं नाही. एकदा ठरवलं म्हणजे ठरवलं.

रमा पांघरूण गुंडाळून स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसली होती.

"बाबा, माझं औषध कधी?"

"टेस्टिंग चालू आहे, राणी."

"पण सगळं तूच पितोयस."

"तुला चांगलं मिळावं म्हणून."

"मग तुला खोकला झालाय का?"

"नाही."

"मग तू का पितोयस?"

या प्रश्नावर चौदा वर्षांच्या नोकरीत कोणी त्याला अडवलं नव्हतं. त्याने गॅस मोठा केला.

दुपारी एकला पाचवी बॅच तिन्ही सँपलांत पास झाली. त्यातून रमाला मधात कालवून एक चमचा मिळाला. तिने तोंड वाकडं केलं, वर घटाघटा पाणी प्यायली आणि झोपून गेली. तेवढ्यात मितालीचा फोन.

"कशी आहे रे?"

"पास झाली."

"काय?"

"म्हणजे, झोपली. ताप नव्व्याण्णव. उतरतोय."

"आणि तू असा काय बोलतोयस? तोंडात गरम बटाटा धरल्यासारखा?"

"नेटवर्क," सत्यजीत म्हणाला. नेटवर्क ठणठणीत होतं. त्याच्या तोंडात तीन फोड आले होते, दोन जिभेला आणि एक गालाला.

संध्याकाळी रमाचा ताप पूर्ण उतरला. कमलाकरकाका कपाळाला हात लावून बघून गेले. "बघितलंस? एका चमच्यात गुण!" असं म्हणून ते आनंदाने निघाले. डॉक्टरीणबाईंनी ताप आपोआप जाईल म्हणून सांगितलं होतं, ही गोष्ट दोघांनीही काढली नाही. ज्याच्या पोटात बारा सँपल गेले होते, त्याच्याकडे मात्र काकांनी बघितलंसुद्धा नाही. सुंठ, मिरी, पिंपळी उष्ण असतात, हे त्यांनी सांगितलं होतं. पण एक चमचा घेणाऱ्याला सांगितलं होतं. सत्यजीतच्या छातीपासून बेंबीपर्यंत चूल पेटली होती. त्याने गार दूध प्यायलं, गुलकंद खाल्ला, सब्जा भिजवून प्यायला आणि निमूटपणे झोपला.

रविवारी सकाळी परिस्थिती अशी, की ताप गेला होता आणि खोकला होता. चांगला ठो ठो खोकला होता. मितालीला यायला आठ तास उरले होते, आणि सत्यजीत काढ्याच्या पातेल्याकडे बघूच शकत नव्हता. नुसत्या वासाने त्याचे गाल आतून चुरचुरायला लागले. अशा वेळी दाराची बेल वाजली.

गंगाबाई! उरणकडची कोळीण, करंज्याची. दर रविवारी नवीन पनवेलच्या या बिल्डिंगींमध्ये टोपली घेऊन येते.

"काय रं दादा, बाय कुठं गेली?"

"पुण्याला, मावशी. आज काही नको."

"नि पोरीला खोकला झायलाय ना? लिफ्टमदी ऐकू येतंय."

"काढा दिला ना तिला."

"काढ्यानं काय व्हतंय!" गंगाबाईने टोपली खाली ठेवली. "चिंबोऱ्यांचा रस्सा पाज. आमी आमच्या पोरांना दुसरा काय देतो? वाटीभर गरम गरम पाजला, नाकातून पानी आला, का खोकला पलाला."

सत्यजीत कराडचा. मटण खाऊन वाढलेला, पण चिंबोरी, म्हणजे खाडीतला खेकडा, त्याने आयुष्यात फक्त दुसऱ्याच्या ताटात बघितली होती. त्याने शंका काढली, "हे आयुर्वेदात आहे का?"

"ता मला नाय म्हाईत. आमच्या करंज्यात हाय."

आठ तास. सत्यजीतने हो म्हटलं.

गंगाबाईने टोपलीच्या तळातून चार काळ्याभोर चिंबोऱ्या काढल्या. जिवंत, पण प्रत्येकीच्या नांग्या सुतळीने घट्ट बांधलेल्या. "नांग्या मोडून देऊ?"

"नको, नको. ताजा माल आहे. प्रोसेसिंग मी करतो."

"दादा, तुमी घाटावरची मानसं. मोडून देतंय मी."

"मावशी, मी क्वालिटीत आहे," सत्यजीत करारी आवाजात म्हणाला.

गंगाबाईने एकदा त्याच्याकडे आणि एकदा रमाकडे बघितलं, चिंबोरी कशी धरायची-मोडायची ते पोरीला दोन वाक्यांत सांगितलं (बापाला सांगून उपयोग नाही हे तिने ओळखलं असावं) आणि ती वरच्या मजल्यावर गेली.

आता खाद्यपदार्थाच्या धंद्यात पहिला नियम कोणता? मालात बाहेरची वस्तू नको. केस नको, दोरा नको, पोत्याची सुतळी तर मुळीच नको. सुतळी दिसली की अख्खी बॅच थांबवायची. सत्यजीतने चिंबोऱ्या सिंकमधल्या ताटात ठेवल्या, वरून नळ सोडला आणि कात्री घेतली. कच्च, कच्च, कच्च, कच्च! चारही सुतळ्या कापून त्याने कचऱ्याच्या डब्यात टाकल्या आणि समाधानाने म्हणाला, "आता माल स्वच्छ."

स्वच्छ मालाने नांग्या उघडल्या.

पहिलीने त्याचं तर्जनीचं बोट धरलं. धरलं म्हणजे असं धरलं, की भावनाताईने आठवीत पिळलेला कान त्यापुढे काहीच नाही! सत्यजीत "आईईई गं!" करून मागे उडाला, त्या धक्क्याने सिंकमधलं ताट उलटलं आणि उरलेल्या तिघी ओट्यावर आल्या. ओट्यावरून फरशीवर. फरशीवरून एक फ्रिजखाली, एक दिवाणाकडे आणि एक सरळ सत्यजीतच्या पायांकडे. सत्यजीत बोटाला लटकलेल्या चिंबोरीसकट डायनिंग टेबलावर चढला.

"रमा! बाहेर येऊ नकोस! दार लाव! पाय वर घे!"

रमा बाहेर आली. खोकत आली, पण आली. तिने एकदा टेबलावरच्या बापाकडे बघितलं आणि म्हणाली, "बाबा, मागून धरायचं असतं. मावशीने आत्ता सांगितलं ना."

"तू हात लावू नकोस!"

पोरीने हात लावलाच नाही. सांडशी घेतली, कपड्यांची बादली घेतली आणि मागून जाऊन एकीला उचलून बादलीत टाकलं. मग दुसरीला. फ्रिजखालच्या तिसरीला झाडूने बाहेर काढलं. सगळं करताना मध्ये मध्ये खोकत होती आणि हसत होती. मग तिने बादलीवर परात झाकली, गॅलरीत गेली आणि सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशी हाक मारली, "गंगामावशीऽऽ! बाबाला चिंबोरीने धरलंयऽऽ!"

समोरच्या चार गॅलऱ्या भरल्या. एका सद्गृहस्थाने मोबाइल काढला.

गंगाबाई खाली आली, तेव्हा सत्यजीत अजून टेबलावरच होता. तिने टेबलाशी येऊन हात लावला, कट्, नांगी मोडली. "सोडली कशाला रं सुतली?"

"फॉरेन मॅटर," सत्यजीत क्षीणपणे म्हणाला.

"उतर खाली."

मग तिने पदर खोचला आणि अर्ध्या तासात स्वतःच रस्सा करून दिला. लसूण, आलं, मिरी, कोकम आणि वर तिचा स्वतःचा मसाला. घरभर वास दरवळला. रमाने वाटीभर प्यायला, नाक गळायला लागलं, पोरगी खूश! एवढ्यावर गोष्ट थांबली असती. पण सत्यजीतने पातेलं पुढे ओढलं.

"बाबा, तू नको पिऊ. तुझं तोंड आलंय ना?"

"सँपल घ्यावा लागतो, राणी. तुला दुसरी वाटी द्यायच्या आधी." वरचा घेतला. मधला घेतला. तळाचा घेतला. मसाला तळाशीच बसतो, हे त्याला अख्ख्या तळोज्यात सगळ्यांत चांगलं माहीत होतं.

पुढचा पाऊण तास तो बाथरूममध्ये होता. रमा दाराबाहेर स्टूल टाकून बसली होती. तिने साखर-मिठाचं पाणी केलं (शाळेत शिकवलंय) आणि दर पाच मिनिटांनी दार वाजवत होती.

"बाबा, आलास का बाहेर? पाणी पी. घोट घोट घे."

"आलो गं."

"आला नाहीयेस अजून."

बाहेर आला तेव्हा चेहरा पांढराफटक. रमाने त्याचं बोट (चांगलं असलेलं) धरलं आणि त्याला लिफ्टने खालच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी रमाला बघून विचारलं, "काय गं, खोकला काय म्हणतोय?"

"बरा आहे. मी बाबाला घेऊन आलेय."

"काय झालंय बाबाला?"

"तोंड आलंय, पोट बिघडलंय आणि बोट सुजलंय."

"काय खाल्लं होतं?"

"काढा. बारा वेळा. आणि चिंबोरीचा रस्सा तीन वेळा."

"बोटाला?"

"चिंबोरी."

"रस्स्यातली?"

"नाही, रस्स्याच्या आधीची."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. मग बोटाला पट्टी बांधली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि म्हणाल्या, "काढा बंद. रस्सा बंद. ताक, मऊ भात. भरपूर पाणी आणि झोप." हे सगळं त्यांनी रमाकडे बघून सांगितलं. रमाने मान डोलावली.

सहाला मिताली आली. दिवाणावर सत्यजीत पडलेला, बोटाला ही एवढी पट्टी. शेजारी रमा, हातात ताकाचा पेला. "थांब आई, आधी हा पेला संपू दे," ती म्हणाली आणि मग एकदा खोकली.

सत्यजीतला तो एक खोकला बोटापेक्षा जास्त लागला. त्याने डोळे मिटले आणि सगळं सांगून टाकलं. काढा, सँपल, सुतळी, टेबल, सगळं. शेवटी म्हणाला, "मिताली, मला फार वाटत होतं गं तू जावंस. दोनदा माझ्यामुळे राहिलीस. आता तिसऱ्यांदाही मीच घालवलं. पण तू नाही म्हणू नकोस. मी भावनाताईला फोन करतो. हात दाखवीन रोज. दोन्ही बाजूंनी दाखवीन."

मितालीने रमाच्या कपाळाला हात लावला, मग सत्यजीतच्या. तिचे ओठ थरथरत होते. ती रडतेय की हसतेय, हे सत्यजीतला पडल्या पडल्या कळेना. तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. पुण्याचे सर!

"हो सर," मिताली म्हणाली. "हो, हो. ठरलं. येते मी."

सत्यजीत ताडकन उठून बसला. डोळ्यांत पाणीच आलं त्याच्या. म्हणजे विश्वास आहे हिचा आपल्यावर! एवढं सगळं होऊनसुद्धा!

पलीकडून सरांनी काहीतरी काळजीने विचारलं असावं.

"नाही सर, मुलीला सांभाळायचा काही प्रश्नच नाही," मिताली म्हणाली. "प्रश्न मिस्टरांचा होता. पण त्यांना मुलगी सांभाळेल."